एप्रनच्या खिशातली चिठ्ठी

छोटी अंघोळ करून बाहेर आली तर तिचा एप्रन बादलीत भिजत होता आणि खिशातल्या वस्तू आईने फ्रिजवर ओळीने मांडून ठेवल्या होत्या. दोन पेनं, नाडी मोजायचं घड्याळ, केसांच्या पिना, खोकल्याची एक गोळी. चिठ्ठी नव्हती.

तिने ओला एप्रन उपसून आतला खिसा उलटा केला, फ्रिजच्या मागे वाकून पाहिलं. आई ओट्याशी बटाटे सोलत होती आणि तिसऱ्या मजल्यावरच्यांनी नवी गाडी घेतली, ती लावायला जागा कुठे आहे, असं काहीबाही सांगत होती.

नर्सिंगच्या मुलींना चिठ्ठीवाचून चालत नाही. सकाळी ड्युटीवर आलं की कुठल्या खाटेला कोणतं औषध, किती वाजता, हे एका कागदावर उतरवून घ्यायचं. दुपारी निघताना वॉर्डाच्या दारात तो ट्यूटर सिस्टरांच्या डोळ्यांदेखत फाडायचा. कागदावर फक्त खाटेचा नंबर, नाव नाही, हे मुली आता झोपेतही म्हणतील. पेशंटचं दुखणं त्याच्या मालकीचं, ते वॉर्डाबाहेर नेलं तर ती चोरी, असं सिस्टर पहिल्या दिवसापासून बजावत आल्या होत्या.

पण आज चौदा आणि सोळा नंबरच्या बायकांनी खिडकीपायी आपसात खाटा बदलल्या. इंजेक्शन भलतीलाच जाऊ नये म्हणून छोटीने नावं लिहून घेतली. दुपारी नेमकं मेट्रनने सिस्टरांना बोलावून घेतलं आणि दारात कुणीच नव्हतं. शहाण्या मुलीने आपणहून फाडली असती. छोटीला बस पकडायची होती.

चिठ्ठीत खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशींचं नाव होतं, आडनावासकट. पुढे लिहिलं होतं: गाठ कॅन्सरची, डॉक्टर उद्या सांगणार. म्हणजे खुद्द मावशींनाही अजून ठाऊक नव्हतं. बहिणीकडे जाते असं सांगून त्या घरून निघाल्या होत्या. त्यांची मुलगी रविवारी नोकरीसाठी परदेशी चालली होती. आईला गाठ आहे एवढं नुसतं कळलं असतं तरी ती जागची हलली नसती. वॉर्डात छोटीला पाहिल्याबरोबर मावशींनी तिचं मनगट धरलं होतं. ती विमानात बसेपर्यंत कुणाला कळू देऊ नकोस, म्हणाल्या होत्या.

आणि आईच्या तोंडात तर तीळ भिजत नाही. पाण्याची वेळ बदलली की इमारतीतले लोक नोटीस वाचत नसत, आईला विचारत.

विचारावं तरी कसं? चिठ्ठी पाहिलीस का म्हटलं की कसली, कुणाची, काय होतं तिच्यात, हे ओघाने आलंच.

तेवढ्यात बेल वाजली. दारात खालची ताई, मावशींची मुलगी. तिला बॅग तोलायचा काटा हवा होता. आईने तो माळ्यावरून काढून दिला, वर बॅगेला कसा अडकवायचा तेही करून दाखवलं. ताई निघाली आणि उंबऱ्यात थांबली.

"काकू, आई तुम्हाला काही बोलली का हो? फोनवर नीट बोलतच नाहीये."

छोटीची पाचावर धारण बसली. आईकडे बघायचीही सोय नव्हती. ती फ्रिजवरच्या पिना उचलून डबीत भरू लागली, त्यातली एक खाली पडली.

"रडू आवरत असेल, दुसरं काय," आई म्हणाली. "एकुलती एक लेक चाललीये. तू आपली बॅग भर."

हे ती इतक्या सहज बोलली की छोटीला हायसं वाटलं. आईने चिठ्ठी वाचलेली नाही. सालींबरोबर कचऱ्यात गेली असणार. ताई जिना उतरून गेली. तिच्या घराचं दार लागल्याचं ऐकू आल्यावर आईने कडी घातली, गाऊनच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि छोटीपुढे धरला.

"आधी ही फाड."

"तू वाचलीस?"

"नाव दिसलं तसा चष्मा काढून ठेवला. पुढचं वाचलं नाही." आईचा आवाज खाली आला. "गाठ हाताला लागली तेव्हा तिने सगळ्यात आधी मलाच सांगितलं. दोन महिने झाले. तुला बोलले मी कधी?"

छोटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या आईच्या तोंडाळपणाला ती मैत्रिणींत हसायची, तिने दोन महिने गुपित पोटात ठेवलं होतं, आणि हिला, एवढं शिकून, एक दुपार जमलं नव्हतं. उद्या सिस्टरांना आपणच जाऊन सांगायचं, काय शिक्षा देतील ती घ्यायची, असं तिने ठरवलं. अक्षर ओळखू येणार नाही इतके बारीक तुकडे केले.

आई बटाट्यांकडे वळली नाही.

"मग काय निघालं गं?" तिने विचारलं. "साधीच असेल ना गाठ?"

हो म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तर चोरी. 'मला सांगता येणार नाही' एवढंच म्हणायचं, चेहरा कोरा ठेवून, हेही सिस्टरांनी शिकवलं होतं. वर्गात ते छोटीला छान जमायचं. आता तिने ओठ घट्ट मिटले आणि मुठीतल्या तुकड्यांकडे बघत राहिली.

आईने थोडा वेळ तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग हात मागे नेऊन स्टूल चाचपलं आणि हळूच त्यावर बसली.