कुणाला विचारायचं काम न्हाई

धारूरच्या राधाकिशनअप्पांनी वधू-वर मंडळाची वेबसाइट काढायची ठरवली, तेव्हा ती बांधणाऱ्या त्यांच्या लेकीनं, उज्ज्वलानं, दोन वाटा सांगितल्या. स्थळांची माहिती आणि फोटो सांभाळणारी यंत्रणा, म्हणजे हेडलेस सीएमएस, एखाद्या कंपनीकडं ठेवायची, म्हणजे देखभाल तीच करणार. नाहीतर सर्व्हर घरात आणून सगळं आपणच बघायचं.

"अप्पा, कंपनीकडंच देऊ. घरी लई राबावं लागतंय."

"लोकांच्या लेकीबाळींचे फोटो परक्याच्या घरी ठिवू? आन् बंद पडलं तर कुणाच्या हातापाया पडू? आपल्या घरात असलं की कुणाला विचारायचं काम न्हाई."

अप्पांचा हिशोब पक्का असतो. सर्व्हर देव्हाऱ्याशेजारी बसला आणि त्यातलं काय कुठं आहे, ते एकट्या उज्ज्वलाला ठाऊक. साइट इतकी चालली, की उज्ज्वलालाही अंबाजोगाईचं स्थळ त्यातूनच आलं. अप्पांनी लग्न वाजतगाजत लावून दिलं.

पुढच्याच लग्नसराईत साइट बंद पडली. मुलीकडचे, मुलाकडचे, सगळे अप्पांच्या ओट्यावर येऊन बसले. अप्पा कधी सर्व्हरकडं बघत, कधी देवाकडं. लेकीला फोनवर फोन लावले. शेवटी तो विहीणबाईंनी उचलला.



"इवाई, सूनबाई पाव्हण्यांचं बघतीय. आन् रागावू नका, पण तिला काय काम सांगायचं आसंल, तर आधी आमाला इचारत जावा."