पोट नव्हे, गुडघा

डॉक्टरांनो, दुखणं आमचं आणि बघायचं मात्र तुम्हीच, ही कुठली रीत? आत्याचा गुडघा सुजला म्हणून तिला सोनोग्राफीला नेलं. टेबलावर आडवी होताच तिने मुकाट्याने पोट उघडं केलं.

"आजी, गुडघा बघायचाय. या वयात पाळणा हलवताय की काय?" डॉक्टरीणबाई हसल्या. मग स्क्रीन तिच्याकडे वळवून म्हणाल्या, "वाटीच्या वर हे काळं दिसतंय ना, ते साचलेलं पाणी."

आत्या बघतच राहिली.

"माझी पोर पोटातच गेली, तेव्हा तुम्ही लोकांनी स्क्रीन आपल्याकडेच ठेवली. नंतर कपड्यात गुंडाळून तिला परस्पर नेलंत. कुणासारखी दिसत होती हो ती? गुडघ्याचं राहू द्या, तेवढं सांगा."