सात मजली हॉस्पिटल

नातीला आर्किटेक्चरसाठी दोन कॉलेजांत प्रवेश मिळत होता आणि संध्याकाळपर्यंत त्यातलं एक ठरवायचं होतं. मी सोबत गेलो. पहिल्या कॉलेजची इमारत एवढी भव्य की बाहेर पडायची वाट सापडेना. जिन्यात एक पांढऱ्या दाढीवाला भेटला. त्याला वाट विचारली, तर म्हणाला, "सापडली तर मलाही सांगा. मी पहिल्या वर्षाच्या प्रवेशाला आलो होतो." खोटं वाटत असेल तर नातीला विचारा. ती नाहीच म्हणेल, पण हसत म्हणेल.

दुसऱ्या कॉलेजात एकच खोली आणि जिकडेतिकडे पुठ्ठ्याच्या इमारती. माझे गुडघे कुरकुरायला लागले म्हणून मी एका बाकावर टेकलो. खालून कर्रकन आवाज आला.

"आजोबा, उठा! ते हॉस्पिटल आहे!" नात किंचाळली.

हॉस्पिटल पार सपाट झालं होतं. जिचं होतं ती मुलगी धावत आली, खाली वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "बरं झालं, खांब कुठे कमी पडतात ते कळलं." मग नातीकडे वळली, "ए, एवढी भिंत धरतेस का गं?"

नात तिथेच फतकल मारून बसली. उन्हं कलली तेव्हा मी म्हटलं, "अगं, कॉलेज ठरवायचंय ना?"

"थांबा हो आजोबा, हात काढला तर भिंत पडेल."

झालं, ठरलं. घरी अजून सगळे म्हणतात, बिचाऱ्या आजोबांना दिसलं नाही. सात मजली हॉस्पिटल मला दिसणार नाही होय?