आसऱ्याची खाडी

गोड बोलणारा पाहुणा खाड्यांची जुनी नावं नकाशावर टिपायला आला, तेव्हाच मत्र्योनाआजीच्या मनात पाल चुकचुकली. कोडियाक बेटावरच्या मूळनिवासी अलुटीक लोकांनी असे पाहुणे पुष्कळ पाहिले होते. आधी नावं विचारतात, मग मासे नेतात!

वादळात गावच्या होड्या टेकायच्या ती आसऱ्याची खाडी त्याने विचारली. आजीने नकाशावर मुद्दाम पलीकडच्या खडकांवर बोट ठेवलं, जिथे होडीच्या ढलप्या होतात. त्याने दोनदा आभार मानले.

तीन वर्षांनी एका दुपारी समुद्र अचानक खवळला. मासे धरायला गेलेल्या नातीचा आवाज वायरलेसवर आला.

“आजी, घाबरू नकोस. आसऱ्याची खाडी समोरच आहे. होडी वळवतेय.”

“थांब! कुणी सांगितलं तुला?”

“अगं, तूच की! शाळेतल्या नकाशाखाली तुझंच नाव छापलंय.”