अळणी शनिवार

केसरीनाथच्या पत्राला श्रीनाथने उत्तर दिलं नव्हतं, त्याला दोन वर्षं झाली. आंतरदेशीय पत्र होतं, डिंक लावून नीट बंद केलेलं. 'आमच्या तुळजाच्या ओठाजवळ पांढरा डाग उठलाय. तुझ्या बाहीखालचे वाढायचे थांबले, हे मी मागच्या लग्नात पाहिलं. काय घेतोस तेवढं कळव. कुणाला सांगणार नाही.' मावसभावाने एवढंच विचारलं होतं.

तेव्हा श्रीनाथच्या मुलीला, विद्युल्लतेला, बघायला पाहुणे येत होते. बापाला कोड आहे हे आपल्या हाताने कागदावर कसं लिहायचं? मग तिचं लग्न झालं, तेही केसरीनाथच्याच गावात, कोनला. मग तिच्या सासरी कळेल म्हणून राहिलं. आणि पुढे, इतक्या उशिरा कोणत्या तोंडाने लिहायचं, म्हणून.

आज तुळजा समोर पाटावर बसली होती. वालाच्या शेंगा द्यायला म्हणून भिवंडीत आली होती. डाग ओठांवरून हनुवटीवर उतरला होता, एक पापणी पांढरी झाली होती. श्रीनाथ ताटाकडे बघत जेवत होता.

शनिवार होता, म्हणून त्याचं ताट वेगळं होतं, बिनमिठाचं. ठाण्याच्या डॉक्टरांनी त्याला आठवड्यातून लागोपाठ दोन दिवस गोळ्या दिल्या होत्या, शनिवारी आणि रविवारी, जेवणानंतर. त्या दिवशी मीठ कमी करा म्हणाले होते. लोक विचारायला लागले तेव्हा बायकोने, माईने, सांगून टाकलं, शनिवार मारुतीचा आणि रविवार खंडोबाचा. देवळाची पायरी न चढणारा श्रीनाथ गल्लीत भाविक ठरला.

माई आमटी वाढायला वाकली, तशी तुळजाने ताटावर हात आडवा धरला.

"न्हाय काकी. मलाबी अळणीच वाढा."

"तुला कशाला गं?"

"मी दोन्ही वार धरलेत. काकांसारखे." ती हसली. "बाबा म्हणाले, काकांनी कळवलं न्हाय तरी आपल्याला दिसतंय की. दोन वार अळणी खातात, डाग जागच्या जागी हायेत. आई तर म्हणते, उत्तर दिलं न्हाय तेच बरोबर. व्रत असं सांगत सुटायचं नसतं."

माईची पळी तशीच राहिली.

"मग, काही फरक?" श्रीनाथने विचारलं.

"न्हाय. माझंच कुठंतरी चुकतंय. मागं हरीदादाच्या साखरपुड्यात इसरून पापडाचा तुकडा खाल्ला. शनिवार होता. मग ही पापणी झाली."

माईने नवऱ्याकडे पाहिलं. श्रीनाथने तोंड उघडलं.

"भात घे अजून," तो म्हणाला.

तुळजा मागच्या दारी हात धुवायला गेली, तेवढ्यात त्याने शनिवारच्या सवयीने आत जाऊन गोळ्या गिळल्या. मग बाहेर येऊन तिला कोनच्या रिक्षात बसवलं.

परत आल्यावर तो कपाटाशी गेला. अर्धवट वाचलेल्या पुस्तकात खुणेला एक कोरं पोस्टकार्ड होतं, ते घेऊन तो लिहायला बसला.

"कार्डावर?" माई म्हणाली. "तिथला पोस्टमन अर्ध्या गावाला वाचून दाखवतो आणि मग घरी देतो. विद्युच्या सासरी कळायला संध्याकाळ व्हायची नाही. आज पोस्ट बंद झालं. सोमवारी आंतरदेशीय आणा."

"सोमवारी मी लिहिणार नाही, माई. तुला माहीत आहे."

तिने त्याचं उष्टं ताट उचललं.

"अक्षर तरी मोठं काढा. भाऊजींना चष्मा लागलाय."

त्याने मोठ्या अक्षरात लिहिलं. 'मला कोड आहे. मी देवाचं काही करत नाही. ठाण्याचे डॉक्टर गोळ्या देतात, मीठ त्यांच्यामुळे कमी केलं. मी तेव्हाच कळवायला हवं होतं. तुळजाला घेऊन ये, मी बरोबर येतो. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय कसलीही गोळी देऊ नकोस. पापडाने काही झालेलं नाही. हे तिला सगळ्यात आधी वाचून दाखव.'

नाक्यावरची पोस्टाची पेटी मारुतीच्या देवळाला लागून होती. शेजारचा दामू लूमवरची ड्युटी संपवून येत होता. श्रीनाथला पाहून त्याने चपला काढल्या आणि रस्त्यातूनच देवाला हात जोडले.

"दर्शनाला का काका? आमच्याही वाटचा नमस्कार करा."

"नाही रे," श्रीनाथ म्हणाला, "दर्शनाला नाही आलो." आणि त्याने कार्ड पेटीत टाकलं.