धुराचा नंबर

"कुणाच्या गाडीचा धूर माझ्या नातीच्या छातीत बसलाय, तेवढं सांगा. त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार मी करते," हौसाक्का डॉक्टरीणबाईंना म्हणाली.

धापा टाकत छोट्या रेवूनं यंत्रात फुंकर मारली. फुंकरीतला धूर ओळखून यंत्रानं गाडीचा नंबर दाखवला. हौसाक्काला वाचता फारसं यायचं नाही, पण स्वतःच्या टेम्पोचा नंबर तिनं लगेच ओळखला.

रोज सकाळी इंजिन तापत ठेवून टेम्पोला ओवाळायचं आणि वाऱ्यानं निरांजन विझू नये म्हणून गॅरेजचं शटर खाली ओढायचं, हा तिचाच नेम. ताट धरायला रेवू असायची.

"बंद जागेत इंजिन चालू ठेवता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

हौसाक्कानं यंत्रावरचा नंबर हातानं झाकला.

"आजी, सापडला ना तो?" रेवूनं तिचा पदर ओढला. "घाल की आता शिव्या."