बिबड्यांवरची सावली

"दोन निगेटिव्ह एकावर एक ठेवून छापलेस! डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" धुळ्यातल्या इसाकच्या स्टुडिओत वाल्मीकनं फोटो काउंटरवर आपटले.

बत्तीस फोटो सातपुड्यातल्या पाणवठ्यावरच्या तरसाचे होते. रोल वाया जाऊ नये म्हणून उरलेले चार त्यानं परवा घरी काढले होते, अंगणात वाळत घातलेल्या बिबड्या, ज्वारीचे पापड, राखत बसलेल्या आईचे. तरस त्या चारांतही होतं.

इसाक शांतपणे म्हणाला, "वाल्मीकभाऊ, तसं असतं तर आरपार दिसलं असतं. इथं बघा, त्याची सावली बिबड्यांवर पडलीय."

वाल्मीकचं टाळकं आणखीच सटकलं. त्यानं चारही फोटो ओळीनं मांडले. पहिल्यात तरस कुंपणाशी होतं, दुसऱ्यात रांजणाशी, तिसऱ्यात खाटेखाली. चौथ्यात ते आईच्या खांद्याला खेटून उभं होतं.

फोटो काढताना आई सारखी वळून बघत होती. "मना मांगे कोनीतरी शे रे, बापू," म्हणत होती. "गप बस, हलू नकोस!" तो खेकसला होता. चौथ्या फोटोत ती अजिबात हललेली नव्हती.

आज सकाळी तिनं हात जोडले होते. "आज माले घरमाज बसू दे."

"मग बिबड्या काय कावळ्यांना घालू?" म्हणत त्यानं तिला दंडाला धरून अंगणात बसवलं होतं. रागाच्या भरात घराला आणि फाटकाला, दोन्हीला कुलूप घातलं होतं.

वाल्मीकनं खिसा चाचपला. दोन्ही किल्ल्या होत्या.